बाईसाहेब, तोंड उघडा

४ ऑक्टोबर

मायना लिहिलेला नाही, कारण तो जमला नाही. ‘चि.’ लिहिलं, पुढे ‘सौ.’ लिहायचं की नाही इथे पेन अडलं, तोवर चहा गार झाला. तेव्हा तशीच सुरुवात करते.

हे पत्र समेटाचं नाही. आधीच सांगून ठेवते, नाहीतर माझं अक्षर बघून तुझा गळाबिळा दाटून यायचा. तुझा आणि माझ्या मुलाचा संसार मोडलाय की नुसता वाकलाय, ते तुम्ही दोघं बघा. सासूला त्यात ओढू नका. मला एकच विचारायचंय. तुझ्या मांजराला गोळी कशी द्यायची?

फोन का नाही केला, असं तुझ्या मनात येईल. उभं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन जोडण्यात गेलं, आता मला त्या यंत्राचा वीट आलाय. शिवाय मी फोन केला आणि तू उचलला नाहीस, तर दुसऱ्यांदा लावणारी बाई मी नव्हे. पत्राचं बरं असतं. न वाचता फाडलंस तरी मला इथे काही ऐकू येत नाही.

तर मांजर. जाताना तू गोळ्यांचं पाकीट ओट्यावर ठेवलंस आणि नवऱ्याला चारचारदा बजावलंस. सकाळी अर्धी, संध्याकाळी अर्धी, वसतिगृहात मांजर चालत नाही, मला खोली मिळेपर्यंत सांभाळ. तुझ्या नवऱ्याने सांभाळलं हो! परवा झाडताना मी सोफा सरकवला, तर खाली अर्ध्या गोळ्यांचा सडा पडलेला. हा तिच्या तोंडात टाकायचा, ती गालात धरून ठेवायची, आणि याची पाठ वळली की सोफ्याखाली जाऊन थुंकायची. दोघं एकमेकांना फसवत होती आणि दोघंही खूश होती. पाकीट संपल्यावर त्याने नवीन आणलंच नाही. म्हणतो, “आई, ती बरी झालीय. बघ ना, केवढी खाते!”

खाते! अगं, खाते म्हणजे काय, आधाशासारखी खाते. स्वतःचं संपवते, माझ्या ताटात तोंड घालते, रिकाम्या भांड्यापाशी बसून घर डोक्यावर घेते. आणि अंगावर मात्र काही धरत नाही. पाठीवर हात ठेवला की मणका न् मणका मोजून घ्यावा. (मी मुद्दाम ठेवला नव्हता. चुकून लागला.) दिवसभर या खोलीतून त्या खोलीत येरझाऱ्या. उचलली तर छाती नुसती धडधडत असते.

आता खरी गोष्ट. डिसेंबर संपता संपता तुझ्या नवऱ्याला कंपनीचं घर मिळतंय, लांब, दुसऱ्या शहरात. मी त्याच्याबरोबर जायचं, असं त्याने ठरवलंय. तिथे जनावर चालत नाही. म्हणून जायच्या आधी मांजराला एक इंजेक्शन द्यायचं, म्हणजे ती शांतपणे झोपेल, हेही त्यानेच ठरवलंय. मला सांगत होता, “आई, म्हातारी झाली गं ती. नुसती खाते, अंगाला लागत नाही, दिवसभर फेऱ्या मारते, जवळ गेलं की अंगावर येते. कशाला हाल करायचे?”

मी म्हटलं, “बाळा, हे मांजराबद्दलच चाललंय ना? कारण यातलं एकूण एक मलाही लागू पडतं.”

तो हसला. मी हसले नाही.

मला मांजर आवडत नाही हे तुला ठाऊक आहे. आजही आवडत नाही. पण माझ्या घरातून कोणाला असं सोयीसाठी झोपवून न्यायचं नाही. मी जिवंत असेपर्यंत तर नाहीच. मी जाऊन गोळ्या आणल्या, औषधाच्या दुकानात जुनं पाकीट दाखवून. लोण्यात घालून दिली, तिने लोणी चाटलं. माशाच्या तुकड्यात दिली, मासा संपला आणि गोळी बशीत उरली, धुऊन पुसून ठेवल्यासारखी. माझ्या नाकी नऊ आलेत.

तू रोज देत होतीस. खोलीचं दार लावून आत काय करायचीस देव जाणे, पण मांजर तेव्हा गुटगुटीत होतं. कसं ते लिहून पाठव. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी.

— तुझी सासू (आहे की होते, ते तूच ठरव)

१२ ऑक्टोबर

तुझं उत्तर आलेलं नाही. नसेना. पण काल जे घडलं ते तुला कळवल्याशिवाय मला पाणी गोड लागणार नाही, म्हणून लिहितेय.

मांजराला जनावरांच्या डॉक्टरणीकडे घेऊन गेले. कपड्यांच्या टोपलीत घातलं, वरून चादर बांधली. रस्ताभर आतून असं काही ओरडत होती की दोन माणसांनी थांबून टोपलीत मूल नाही ना, याची खात्री करून घेतली. दवाखान्यात बाकावर जागा मिळाली. एका बाजूला पट्टी बांधलेला कुत्रा, दुसऱ्या बाजूला पोपट घेऊन आलेले एक आजोबा. पोपट गप्प होता, आजोबाच बोलत होते. मी टोपली मांडीवर घट्ट धरून बसले होते.

एवढ्यात आतून कंपाउंडर बाहेर आला आणि माझ्याकडे बघून तोंडभर हसला. “अरे वा! बाईसाहेब! किती दिवसांनी!”

मी उठून उभी राहिले. अगं, खरंच राहिले. निवृत्त झाल्यापासून या नावाने मला कोणी हाक मारली नव्हती. एक्स्चेंजमध्ये शिपायापासून वरच्या साहेबापर्यंत सगळे मला बाईसाहेब म्हणायचे. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. म्हटलं, “तुम्ही एक्स्चेंजला होतात का हो? चेहरा आठवत नाही.”

तो गोंधळला. मग त्याने टोपलीवरची चादर बाजूला केली, आत वाकला आणि म्हणाला, “बाईसाहेब, किती वाळलात हो!”

मांजराला!

आजोबा हसले. पोपटही हसला असेल. मी मटकन खाली बसले. मी म्हटलं, हिचं नाव मनी आहे. तो म्हणाला, “छे हो, ही बाईसाहेब. त्या ताई कॉलेजात होत्या तेव्हापासून आणतायत. हिला दुसऱ्या नावाने हाक मारली तर ही वळूनसुद्धा बघत नाही.” आणि त्याने हाक मारली, तर ती खरोखर वळली.

डॉक्टरणीने काय सांगितलं ते आधी लिहिते, कारण मांजर महत्त्वाचं. गळ्यातली ग्रंथी जोरात काम करतेय, म्हणून भूक, म्हणून वाळणं, म्हणून धडधड. गोळी नेमाने पोटात गेली तर चांगली जगेल. नाही गेली तर हृदय थकेल. “इतके दिवस कशी दिली नाहीत?” असं मलाच विचारलंन. तुझ्या नवऱ्याच्या वाटचं मी ऐकून घेतलं.

आता माझं ऐक.

रोज सकाळी तुझ्या खोलीचं दार लागायचं आणि आतून तुझा आवाज यायचा. हळू, दबलेला. तुला वाटत असेल बाहेर जात नाही. अगं, मी शेकडो तारांच्या गोंगाटात एक आवाज वेगळा काढणारी बाई, मला एक लाकडी दार काय करणार? एक्स्चेंजमध्ये नियम होता, फोन जोडून द्यायचा आणि आपला कान काढून घ्यायचा. तो मी कधी मोडला नाही. पण घरात मला कोणी नियम लावून दिला नव्हता.

काय ऐकलं? हे ऐकलं. “बाईसाहेब, तोंड उघडा. रोज काय हो ही नाटकं! नुसतं फिस्कारायचं. म्हातारपण आलं तरी मस्ती जात नाही. गिळा एकदाचं, म्हणजे मी मोकळी.” हे ऐकलं! आणि एकदा, “नखं कापली पाहिजेत तुमची, फार वाढलीत.” मला वाटलं, ही फोनवर आईला माझी नक्कल करून दाखवते. पलीकडचा आवाज येत नव्हता, पण फोनवर पलीकडचा आवाज नाहीच येत. आता कळतंय, पलीकडे कोण होतं ते.

मग मी तुझ्या हातच्या चहाला नावं ठेवली. तुझ्या वाळत घातलेल्या कपड्यांना ठेवली, तुझ्या हसण्याला ठेवली. ‘मी ऐकलंय’ असं म्हणायची सोय नव्हती, मग काय करणार? आणि तू मूग गिळून बसायचीस, त्याने मी जास्तच पेटायचे.

लग्न होऊन मांजर घेऊन आलीस, तेव्हा मी नाव विचारलं होतं. तू अडखळलीस आणि म्हणालीस, ‘मनी’. माझ्या मुलाने तुला पहिल्याच भेटीत मोठ्या कौतुकाने सांगून ठेवलं होतं, ऑफिसात आईला सगळे बाईसाहेब म्हणतात. आता सासूचंच नाव मांजराला, हे तोंडावर कसं सांगायचं? म्हणून लपवलंस. हो ना? लपवलंस म्हणून हे सगळं झालं. माझा दोष मला दिसत नाही. दिसला तर कळवीन.

एक मात्र सांग. त्या दिवशी जेवताना मी म्हणाले, “या घरात एकच बाईसाहेब राहील.” तू पांढरीफटक पडलीस आणि म्हणालीस, “मग मी नाव बदलते.” मला वाटलं, तू नवऱ्याचं आडनाव टाकून माहेरचं लावायला निघालीस. म्हणून मी म्हणाले, “खुशाल बदल. आणि बॅगही भर.”

तू नाव कोणाचं बदलणार होतीस?

— सासू

२६ ऑक्टोबर

तुझी चिठ्ठी मिळाली. काटकसर करावी ती तुझ्यासारखी. वर गोळीची पद्धत आणि खाली एकच ओळ, “नाव मांजराचं बदलणार होते, आई.”

ती ओळ मी वाचली आणि चिठ्ठी डब्याखाली ठेवून दिली. पुन्हा काढून वाचली. बस्स, त्यावर याहून जास्त लिहिणार नाही. ‘आई’ असं लिहिलंयस ते सवयीने की मुद्दाम, तेही विचारणार नाही.

पद्धत चांगली आहे. टॉवेलात गुंडाळायचं, चारही पाय आत, नुसतं डोकं बाहेर. मागून धरायचं, नाक वर करायचं, जबडा उघडला की गोळी जिभेच्या पार मागे. वरून पिचकारीने थोडं पाणी, गळा चोळायचा. जिभेने नाक चाटलं की समजायचं, गेली. हे सगळं वाचायला सोपं आहे. पहिल्या दिवशी मी टॉवेलात गुंडाळलं ते शेपटीचं टोक होतं, बाकी मांजर कपाटावर. दुसऱ्या दिवशी तिने मला मनगटाला असा चावा घेतला की मीच किंचाळले. माझा उजवा अंगठा तुला माहीत आहे. वर्षानुवर्षं प्लग खोचून खोचून त्याचा सांधा गेलाय. गोळीचे दोन तुकडे करतानाच डोळ्यांत पाणी येतं. पण मी हरले नाही. मी तिला म्हटलं, तू मोठी की मी मोठी, आज बघूनच टाकू.

आणि तिथेच गंमत झाली. मी बोलले, आणि तिने कान टवकारले. तुझ्या चिठ्ठीत शेवटी लिहिलं होतंस, “बोलत राहा, गप्प बसलात तर ती तोंड उघडत नाही.” मला वाटलं होतं, हा टोमणा आहे. खरंच तसं आहे होय?

मग मी तिला तुझ्या खोलीत नेलं. तिला तिथलीच सवय. दार लावलं, बाहेर उगाच शोभा नको. मांडीवर घेतलं आणि म्हटलं, “बाईसाहेब, तोंड उघडा.”

माझ्याच नावाने हाक मारताना काय वाटलं ते तुला सांगून कळायचं नाही. आरशात बघून स्वतःला दटावल्यासारखं. पण एकदा सुरुवात केली आणि मग मला थांबताच येईना. “फार झाला ताठा. कोणी जवळ आलं की फिस्कारायचं, मग एकटं पडलं की भांड्यापाशी बसून ओरडायचं. कोणाला कळणार तुम्हाला काय हवंय ते? तोंड उघडून सांगितलंत कधी?” आणि तिने उघडलं! गोळी आत. पाणी. गळा चोळला. जीभ नाकावरून फिरली. अगं, मला एवढा आनंद झाला की मी तिच्या डोक्याचा... जाऊ दे, काय केलं ते लिहीत नाही.

आता रोज दार लावून आमचं असं चालतं. काल संध्याकाळी मी तिला सांगत होते, “आयतं मिळतंय म्हणून गालात धरून ठेवायचं आणि कोपऱ्यात जाऊन थुंकायचं, ही कुठली रीत? अंगाला काही लावून घ्यायचं नाही. जरा कडू लागलं की पळ काढायचा. कधीतरी समोर उभं राहून गिळायला शिका.” दार उघडून बाहेर येते तो तुझा नवरा उंबऱ्यापाशी, भिजलेल्या मांजरासारखा उभा.

“आई,” म्हणाला, “माझ्याबद्दल जे काही असेल ते माझ्या तोंडावर बोलत जा.”

मी म्हटलं, “तोंडावरच बोलत होते.” आणि टॉवेल वाळत घालायला निघून गेले.

सांगायला हवं होतं, नाही का? नाही सांगितलं. दाराच्या बाहेर उभं राहिलं की आतलं सगळं आपल्यालाच लागू पडतं, हे मला कळायला दोन वर्षं लागली. त्याला जरा चुटपुट लागू दे. तेवढं तो माझं देणं लागतोच.

— सासू

१७ नोव्हेंबर

तुझं पत्र आलं. खोली मिळाली, मालकीणबाईंना मांजर चालतं, या रविवारी येऊन घेऊन जाते म्हणतेस. सोबत आभारही मानलेस.

देणार नाही.

पुन्हा वाच हवं तर. देणार नाही. मांजर तुझं होतं, मान्य. तू टाकून गेली नव्हतीस, ठेवून गेली होतीस, तेही मान्य. पण तिच्या तोंडात बोटं मी घातली. चावे मी खाल्ले. माझ्या हातावर बघ, नकाशा काढल्यासारखे ओरखडे आहेत. आणि आता ती सकाळी माझ्या उशाशी येऊन बसते, गोळीच्या वेळेला. हट्टाने बसते, माझ्यावर उपकार केल्यासारखी. मला लळा लागलाय. लिहिलं बघ. आता दाखव हे पत्र साऱ्या गावाला.

इथे काय रामायण झालं ते ऐक. तुझ्या नवऱ्याने शनिवारची वेळ घेतली, त्या इंजेक्शनची. मला न विचारता. शुक्रवारी चहा पिता पिता सांगतो, “उद्या सकाळी नेऊन आणतो, तू येऊ नकोस, तुला त्रास होईल.” नेऊन आणतो! आणणार काय होतास रे, टोपली?

शनिवारी तो उठायच्या आत मी मांजर घेऊन निघाले. दवाखान्यात पहिला नंबर माझा. कंपाउंडरने आज आवाज खाली केला. “बाईसाहेबांच्या इंजेक्शनसाठी ना?” मी म्हटलं, “इंजेक्शन असलंच तर माझ्या मुलाला द्या, धीराचं. बाईसाहेबांचं वजन करा.” त्याने वजन केलं. वाढलं होतं. थोडंच, पण वाढलं होतं. डॉक्टरणीने छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकत राहिली. मी श्वास धरून उभी. मग म्हणाली, “छान आहे. हिला झोपवायचं कोणाच्या डोक्यात आलं?” मी नाव सांगितलं नाही. काही झालं तरी पोटचा गोळा.

घरी आले तर तो दारातच. “आई, हे काय चालवलंयस? तिथे मांजर चालत नाही, सांगितलंय तुला.”

“मग तिथे मीही चालणार नाही.”

“एका मांजरासाठी तू मुलाबरोबर येणार नाहीस?”

“मांजरासाठी नाही रे. माझ्यासाठी. मला कोणी विचारलं होतं, येतेस का म्हणून? तू माझं सामानसुद्धा मनातल्या मनात बांधून ठेवलंस. हे घर माझं आहे, हा रस्ता माझा आहे, कोपऱ्यावरचा भाजीवाला मला बघून निवडक माल काढतो. तू जा, कामाला जा, चांगलं काम कर. सुट्टीत ये.”

“एकटी कशी राहणार तू?”

“एकटी कुठे? बाईसाहेब आहेत.”

तो मग खुर्चीवर बसला आणि म्हणाला, “ती पण अशीच म्हणायची. मला कोणी विचारलं का, म्हणून.” ‘ती’ म्हणजे तू. मी म्हटलं, मग विचारायचं होतंस. तो म्हणाला, हो. एवढंच. त्याच्या बाजूने मी बोलणार नाही. आपल्या तोंडाने काय ते त्याने तुला सांगावं, मी काही आता फोन जोडून देत नाही.

आता तुझा प्रश्न. मांजर देणार नाही, पण अंगठा माझं ऐकत नाही. परवा गोळी मोडताना हातातून निसटली, आणि मी ती टेबलाखाली शोधत गुडघ्यांवर बसलेली असताना मला खरंच रडू आलं. गोळीसाठी नाही. या वयात कोणाला हाक मारावी, हे कळेना म्हणून. आवाज देऊन बघितला, तर मांजर आलं.

तेव्हा माझी अट अशी. तू रविवारी ये. न्यायला नाही, गोळी द्यायला ये. आठवड्याच्या गोळ्या मोडून डबीत भरून ठेव, म्हणजे बाकीचे दिवस मी आणि बाईसाहेब आमचं आम्ही बघू. न्यायच्या विचाराने येणार असशील तर टोपली मी लपवून ठेवलीय.

आणि माफीबिफी मागायला येऊ नकोस, मीही मागणार नाही. तू दाराआड कुजबुजलीस, मी दाराला कान लावला. आपण दोघी सारख्याच.

— सासू

८ डिसेंबर

चि. सौ. सूनबाई,

लिहिला मायना. तुमचं दोघांचं पुढे काय व्हायचं ते होवो, घटस्फोटाचे कागद होवोत नाहीतर न होवोत. माझी सून कोण, हे मी ठरवणार. तुझ्या नवऱ्याला यात मत नाही.

तू तीन रविवार येऊन गेलीस आणि मी तुझ्याशी धड बोलले नाही. समोर माणूस असलं की मला सुचत नाही, कागदावर सुचतं. म्हणून तू काल गेलीस तशी लगेच लिहायला बसले.

पहिल्या रविवारी किल्ली जवळ असून बेल वाजवलीस. आत आलीस, खाली बसून हाक मारलीस, आणि मांजराने तुझ्याकडे पाठ केली. ती माझ्या पायाशी येऊन बसली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण तुझा चेहरा बघितला आणि मीच तिला पायाने पुढे ढकललं. तेवढं तुला दिसलं नसेल.

तुझा नवरा दर रविवारी तू यायच्या वेळेला घरात असतो, लक्षात आलंय का? एरवी हा सुट्टीच्या दिवशी घरात टिकत नाही. काल चहा त्याने केला. साखर विसरला आणि तू बिनसाखरेचा चहा मुकाट्याने प्यायलीस. मी काही म्हणणार नाही. मी फक्त बघितलं ते लिहितेय.

आता कालचं. तू बाईसाहेबांना घेऊन तुझ्या खोलीत गेलीस आणि सवयीने दार लावून घेतलंस. मी बाहेर उभी होते. कान लावला नव्हता. हातात ताट होतं, दार बंद होतं, मग माणूस उभं राहणारच. आतून आलं, “बाईसाहेब, तोंड उघडा. हं. शाब्बास.” मग पिचकारीचा आवाज. मग तू हसलीस. म्हणजे गोळी गेली. काम झालं होतं, बाहेर यायचंस. तू आली नाहीस. उलट आतूनच म्हणालीस, आणि दबक्या आवाजात नाही, चांगल्या मोकळ्या आवाजात म्हणालीस, “बाईसाहेब, किती वाळलात हो. एकट्याने सगळं ओढायचं म्हणजे काय? जेवता तरी का वेळेवर?”

मी ताट घेऊन तशीच स्वयंपाकघरात परत गेले.

बाई गं, मांजर आता चांगलं गोल झालंय. डॉक्टरणीने परवाच सांगितलं, वजन जिथे हवं तिथे आलं, आता याहून वाढू देऊ नका. आणि ती वेळेवर जेवते का, हे तिला कोणी विचारत नाही, ती दिवसभर जेवते.

तेव्हा हे तू कोणाला म्हणालीस, ते मी विचारणार नाही.

मी जेवते. कधी कधी दुपारचं राहतं. पुढच्या रविवारी जेवायला थांब, म्हणजे तेही राहणार नाही. आणि आता ते दार लावत जाऊ नकोस, उघडं ठेवूनच बोल. माझे कान पूर्वीसारखे राहिलेले नाहीत.

— तुझी सासू